पहिले मतदान : डिसेंबर १९६३ आणि पेडणे-डिचोलीचा मतदार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. त्यामुळे समितीचे निमंत्रण आले तेव्हा नकार देण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न विषयाचा होता. मी आयुष्यभर मराठी शिकवले. संतवाङ्मयावर किंवा गोमंतकातील मराठीच्या परंपरेवर बोलणे मला सोपे गेले असते. तरीही मी आज निवडणुकीवर बोलणार आहे. गोव्यातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला, म्हणजे ९ डिसेंबर १९६३ या दिवसाला, आता साठहून अधिक वर्षे झाली. त्या वेळी मतदानाचे वय एकवीस होते. म्हणजे त्या दिवशी ज्यांनी प्रत्यक्ष शिक्का मारला, त्यांपैकी आज हयात असलेला सर्वांत तरुण माणूसही ऐंशी ओलांडून गेला आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मतदार नव्हतो, केवळ पाहणारा होतो. पाहणारेही आता थोडेच उरले आहेत. जे पाहिले ते आणि जे पुढे वाचले ते एकत्र करून मांडावे, एवढाच आजचा हेतू आहे.

आरंभी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. गोव्याला निवडणूक हा प्रकार अपरिचित होता असे नाही. लिस्बनच्या संसदेवर गोव्यातून प्रतिनिधी पाठविण्याची पहिली निवडणूक १८२२ साली झाली आणि बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा यांच्यासारखा गोमंतकीय तीत निवडून आला. पुढे एकोणिसाव्या शतकात निवडणुका होत राहिल्या. त्यांतल्या चुरशीने १८९० साली मडगावात गोळीबार होऊन माणसे दगावण्यापर्यंत मजल गेली. पण हा सारा व्यवहार मूठभरांचा होता. मत द्यायचे तर पैसा हवा, नाहीतर अक्षर हवे; आणि अक्षर म्हणजे पोर्तुगीज अक्षर. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समता मिळाली, गावोगावी मराठी शाळांना मोकळा श्वास घेता आला. हे उपकार विसरता येत नाहीत. परंतु मराठीत शिकलेला माणूस सरकारदरबारी निरक्षरच राहिला. सालाझारच्या राजवटीत तर एकाच पक्षाची यादी पुढे ठेवून निवडणुकीचा केवळ सोपस्कार उरला.

यात पेडणे आणि डिचोली हे तालुके आणखी दूर पडलेले. ही नवी काबिजाद. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले. तिसवाडी-सासष्टीत पोर्तुगीज अंमल साडेचारशे वर्षांचा, तर आमच्याकडे पावणेदोनशे वर्षांच्या आतबाहेरचा. देवळे टिकली, भाषा टिकली, सोयरीक तेरेखोल नदीपलीकडे राहिली, बाजार बांद्याचा आणि सावंतवाडीचा राहिला. पण शाळा, रस्ता, इस्पितळ या गोष्टी सत्तेच्या मध्यापासून जितके दूर जावे तितक्या विरळ होत गेल्या. जमीन भाटकाराची, घर भाटकाराच्या जमिनीत, आणि त्या घरात राहणारा मुंडकार. त्याने भाटकाराच्या बागेची राखण करायची, नारळ पाडण्याच्या वेळी हजर राहायचे, बोलावले की जायचे. त्याच्या छपराखालची जमीन दुसऱ्याची होती, म्हणून त्याचा शब्दही दुसऱ्याचा होता. हे वाक्य कोणाला कठोर वाटेल. चांगले भाटकार होते, मुंडकाराच्या मुलाला शिकवणारे होते, हे मला ठाऊक आहे. पण चांगुलपणावर अवलंबून राहावे लागणे हीसुद्धा एक ताबेदारीच होय.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या होत्या, हे पेडणेकरांना कोणी सांगण्याची गरज नाही. सीमा बंद होती. लेक सावंतवाडीत आणि आईबाप पेडण्यात अशी ताटातूट कित्येक घरांनी सोसली. मुक्तीनंतर बाराव्या घटनादुरुस्तीने १९६२ साली गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. लोकसभेत आरंभी दोन सभासद नियुक्त करण्यात आले : डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि डॉ. आंतोनियु कुलासो. मग १९६३ साली केंद्रशासित प्रदेशांच्या कारभाराचा कायदा झाला आणि विधानसभेची वाट मोकळी झाली. तीस जागा ठरल्या : गोव्याच्या अठ्ठावीस, दमणची एक, दीवची एक. लोकसभेच्या दोन. दोन्ही निवडणुका एकाच दिवशी घेण्याचे ठरले. मुक्तीला दोन वर्षे पुरी व्हायला दहा दिवस उणे असताना ते मतदान झाले.

उर्वरित भारताने तोवर तीन सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या होत्या. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगण्यास नकार देऊन 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले आणि त्यांची नावे यादीतून गळाली, हा इतिहास प्रसिद्ध आहे. गोव्यात अकरा-बारा वर्षांनी तेच काम नव्याने करायचे होते. घरोघर जाऊन नावे उतरवायची, वय ठरवायचे. १९६० च्या शिरगणतीप्रमाणे गोव्याची लोकसंख्या ५,८९,९९७ होती, आणि साक्षरतेचे प्रमाण शेकडा एकतीसच्या जवळपास. म्हणजे तिघांतल्या दोघांना मतपत्रिकेवरील नाव वाचता येणार नव्हते. त्यांना आधार होता तो चित्राचा. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह, युनायटेड गोवन्सचा हात, काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी. लहान मुलांना ही चित्रे पाठ झाली होती. आम्ही धुळीत सिंह काढत असू. तो बहुधा मांजरासारखा दिसे.

येथे मला गुरुजींची एक आठवण सांगायची आहे. मतदानाच्या चार-सहा दिवस आधी संध्याकाळी देवळाच्या मंडपात गुरुजींनी गावातल्या बायाबापड्यांना जमवले. कोणाला मत द्यावे याविषयी ते एक अक्षरही बोलले नाहीत. त्यांनी वहीचे कागद फाडून त्यांवर चार चित्रे काढली होती, आणि वाटीत कुंकू कालवले होते. अंगठा बुडवून चित्रावर उमटवायचा, आणि मग कागदाची घडी अशी घालायची की ओला ठसा दुसऱ्या चित्रावर उठता कामा नये. कारण दोन चित्रांवर ठसा दिसला की मत फुकट. विधानसभेचा कागद वेगळा, लोकसभेचा वेगळा, हेही त्यांनी दोन-दोनदा करून दाखवले. माझी आजी पहिल्या रांगेत बसली होती. तिने अंगठा उमटवला, घडी घातली आणि मग तिने विचारले, "गुरुजी, हे भाटकाराला कळेल का?"

मंडपात एकदम शांतता झाली. कारण हा प्रश्न सर्वांचाच होता. आमचे घर ज्याच्या जमिनीत होते त्याच्या माणसाने दोन दिवस आधी वाड्यावर येऊन एका चिन्हाचे नाव सांगितले होते, आणि 'कोणी कुठे शिक्का मारला ते आम्हाला कळतेच' असेही सुनावले होते. घर उठवण्याची धमकी कोणी उघड दिली नव्हती. ती देण्याची गरजही नव्हती. गुरुजी म्हणाले, "नाही कळणार. कायद्याने कोणी विचारू शकत नाही, आणि विचारले तरी सांगायला तुम्ही बांधील नाही." लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात तसे कलम आहे, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. त्या रात्री आजीने ते गुरुजींच्या तोंडून ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला.

नऊ डिसेंबरचा सोमवार मला स्पष्ट आठवतो. आजीने ठेवणीतले लुगडे नेसले होते. रांगेत भाटकाराच्या घरची माणसेही उभी होती आणि आजी त्यांच्या पुढे होती, हे दृश्य मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. ती बाहेर आली तेव्हा तिने शाईचे बोट पदरात झाकून घेतले, जणू त्या बोटावरून कोणी काही ओळखील. तिने कोणाला मत दिले हे तिने मरेपर्यंत कोणालाही सांगितले नाही. माझ्या वडिलांनाही नाही. आम्ही तर्क करत असू. पण माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा तिच्या त्या न सांगण्यात आहे. आयुष्यात तिच्या मालकीची अशी जी पहिली वस्तू झाली ती म्हणजे हे गुपित.

निकाल लागले. गोव्यातील अठ्ठावीस जागांपैकी सोळा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष व त्याचे सहकारी यांना, बारा युनायटेड गोवन्सना. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने सैन्य पाठवून गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दमणची तेवढी एक मिळाली. पेडणे आणि डिचोली तालुक्यांचा कौल सिंहाकडे गेला. २० डिसेंबर १९६३ रोजी दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते पेडण्यात जन्मलेले. विशेष म्हणजे त्यांनी स्वतः ती निवडणूक लढविली नव्हती. ते पुढे पोटनिवडणुकीतून सभागृहात आले. विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस हे त्यांचे दोन सहकारी मंत्री. ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीत आदिलशाहाच्या जुन्या राजवाड्यात विधानसभा प्रथम भरली. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर सभापती झाले आणि डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षाचे नेते.

या निकालाचा अर्थ काय? इतिहासाच्या पुस्तकांत सामान्यतः दोन अर्थ दिलेले आढळतात. पहिला असा की ही हिंदू आणि ख्रिस्ती यांची मोजणी होती. दुसरा असा की महाराष्ट्रात विलीन व्हावे की न व्हावे याचा हा कौल होता. दोन्हींत तथ्यांश आहे. नव्या काबिजादीत सिंह आणि सासष्टीत हात, असे चित्र ढोबळमानाने दिसते. आणि विलीनीकरण हे तर मगो पक्षाच्या नावातच होते. तरीही हे दोन्ही अर्थ मला अपुरे वाटतात, आणि त्याची कारणे मतपेटीतूनच मिळतात.

पहिल्या अर्थाची परीक्षा करू. त्याच दिवशी पेडणे-डिचोलीच्या मतदाराने दुसरा कागदही पेटीत टाकला होता, लोकसभेचा. उत्तर गोव्यातून निवडून आले पीटर आल्वारिस. ते ख्रिस्ती गोमंतकीय, प्रजासमाजवादी पक्षाचे, मगोच्या पाठिंब्याने उभे. १९५४-५५ च्या सत्याग्रहांच्या काळात नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे ते अध्यक्ष होते. दक्षिणेतून मगोचे मुकुंद शिंक्रे आले. धर्म एवढीच कसोटी असती, तर आमच्या तालुक्यांच्या देवळांच्या मंडपांतून निघालेली माणसे एका आल्वारिसांच्या नावापुढे शिक्का मारून आली नसती. शिवाय नव्या काबिजादीतील जमीनदार बहुतांशी हिंदूच होते. भाटकार आणि मुंडकार एकाच देवाच्या पालखीला खांदा देत होते. मतपेटीजवळ मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

आता दुसरा अर्थ. विलीनीकरणाचा प्रश्न थेट लोकांपुढे ठेवावा असे ठरले. सार्वमत निःपक्षपातीपणे व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये सत्ता सोडली. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. पेडणे-डिचोलीने फुलाला भरभरून मते दिली होती. आमच्याकडे त्या दिवशी अनेक घरांत चूल पेटली नाही असे सांगतात. परंतु पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याच वर्षी, अवघ्या अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्षाला सोळा जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सना बारा. म्हणजे ज्या प्रश्नासाठी पक्ष स्थापन झाला तो प्रश्न हरला, आणि पक्ष जिंकला. गोव्यातील मतदारांपैकी पुष्कळांनी विलीनीकरणाला 'नाही' म्हटले आणि त्याच हाताने बांदोडकरांना 'हो' म्हटले. राज्याचे स्थान कोणते असावे हा एक प्रश्न, आणि राज्य कोणी करावे हा दुसरा. ज्यांना आपण अडाणी म्हणत होतो त्यांना हा भेद पक्का समजला होता.

मग १९६३ च्या मताचा खरा विषय कोणता? माझे उत्तर असे : घराखालची जमीन, शेताचा हक्क आणि मुलाची शाळा. याचा पुरावा भाषणांपेक्षा नंतरच्या कायद्यांत शोधावा. कूळ कायदा झाला १९६४ साली, म्हणजे पहिल्याच विधानसभेत. मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा १९७५ चा. कसणाऱ्या कुळाला मालकी देणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची. तोवर भाऊसाहेब निवर्तले होते आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या त्या याच वर्षांत. आज या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीजणांच्या घरातला पहिला लिहिता-वाचता माणूस त्या शाळांतून निघाला, हे त्यांनी स्वतःशीच मोजावे. मी माझ्या घरातला तो पहिला माणूस नव्हे, पण पहिला पदवीधर आहे. आणि त्याचे श्रेय माझ्या बुद्धीला देण्याचा उद्दामपणा मी करणार नाही.

इतिहासकाराने एकाच बाजूचे दान मोजू नये, म्हणून उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गोरगरिबांच्या या पक्षाचे नेते स्वतः खाणमालक होते. डिचोली तालुक्यातील डोंगर लोहखनिजासाठी पोखरले गेले, शेतांत मातीचा गाळ उतरला, विहिरी आटल्या. त्याविरुद्ध बोलण्याची ताकद त्या मताने दिली असली तरी ती फार उशिरा वापरली गेली. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा त्यांवर जगणाऱ्यांचे हाल झाले, तोही त्याच कथेचा भाग. मये गावची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. तेथील जमीन परागंदा मालकाची म्हणून सरकारच्या ताब्यात गेली आणि गाव मुक्त होऊनही गावकरी स्वतःच्या अंगणाचे मालक होण्यासाठी दशकानुदशके झगडत राहिले. त्यासाठी स्वतंत्र कायदा व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. मुंडकारांचे कितीतरी दावे मामलेदाराच्या कचेरीत बापाकडून मुलाकडे वारशाने गेले. विलीनीकरणाच्या वादात मराठी आणि कोकणी या सख्ख्या बहिणींत जे वितुष्ट आले, त्याची किंमतही आपण अजून मोजतो आहोत. मराठीचा प्राध्यापक म्हणून हे सांगताना मला संकोच वाटत नाही. माझी आजी घरात जी भाषा बोलत होती आणि पोथी ऐकताना जी भाषा समजून घेत होती, त्या दोन होत्या; त्यांचे भांडण तिला माहीत नव्हते.

आणि मित्रहो, आज पेडण्याच्या जमिनीचा भाव कोण सांगू शकेल? मोपाच्या पठारावर २०२२ च्या डिसेंबरमध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. किनाऱ्यावर मोरजी-मांद्रेपासून केरीपर्यंत जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याला गिऱ्हाईक आहे. ज्या जमिनीतून उठवले जाण्याच्या भीतीने माझी आजी बोट पदरात झाकत होती, त्या जमिनीतून आता तिची पणतवंडे स्वखुशीने, चांगल्या किमतीला, उठू पाहत आहेत. कायद्याने मिळालेला हक्क विकताना तो कसा मिळाला हे तरी त्यांना ठाऊक असावे, एवढी अपेक्षा करणे म्हाताऱ्याचा हट्ट ठरू नये. त्याचप्रमाणे मतदानयंत्रे सर्व मतदारसंघांत वापरणारे पहिले राज्य म्हणून १९९९ साली गोव्याचे नाव झाले, आणि मताची चिठ्ठी दाखवणारी यंत्रे सर्व मतदारसंघांत २०१७ साली प्रथम येथेच लागली. यंत्रे सुधारली. पण मताच्या बदल्यात काय मिळेल असे विचारणारा मतदार जेव्हा मी पाहतो, तेव्हा मला वाटते की आपण ते गुपित पुन्हा कोणाच्या तरी हवाली करू लागलो आहोत. पूर्वी भीतीने करावे लागत होते, आता लोभाने करतो.

गुरुजींनी त्या संध्याकाळी आम्हाला लोकशाहीची व्याख्या सांगितली नाही. त्यांनी कागदाची घडी कशी घालायची एवढेच शिकवले. शिक्षकाचे काम ते हेच, असे मला आता वाटते. माझ्या तरुण मित्रांना माझी एकच विनंती आहे. या शाळेच्या परिसरातील ज्या घरांत नव्वदीच्या आसपासची आजी किंवा आजोबा असतील, त्यांच्याजवळ जाऊन बसा. पहिल्या मतदानाला ते कसे गेले, कोणाबरोबर गेले, कोणाची भीती वाटली, हे विचारा आणि लिहून ठेवा. त्याचे एक छोटे पुस्तक या संस्थेने काढले तर गुरुजींचे याहून चांगले स्मारक दुसरे होणार नाही. कोणाला मत दिले हे मात्र विचारू नका. ते त्यांचे आहे.

 गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी थांबतो.